मिल्तोनचं खोगीर

कान्यादा ब्रावा
११ जुलै, सोमवार, जेवणं आटोपल्यावर

माझ्या लाडक्या यामिला,

पोरी, तुला आजीचे पोटभर आशीर्वाद आणि गालावर एक मुका. तुझी तब्येत बरी असेल, तिथलं जेवण अळणी असलं तरी ताटात टाकत नसशील अशी आशा. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मी बरी, मामा बरा, कोंबड्या बऱ्या. फक्त ती उघड्या मानेची म्हातारी अंडी द्यायची थांबलीय आणि वर तोऱ्यात फिरते. तिला मी रोज सांगते, बाई, रश्श्याचं पातेलं लांब नाही.

तिथे दवाखान्यात तुमचे फोन काढून घेतात ते एका अर्थी बरंच आहे. फोनवर मी नुसती हॅलो हॅलो करत बसते आणि पोटातलं पोटातच राहतं. पत्रात माणूस सावकाश बोलतो. माझ्या अक्षराला मात्र हसू नकोस. मी तिसरीपर्यंत शिकले, आणि त्यातली अर्धी तिसरी मेंढ्यांमागेच गेली. चुलीवर साखर घालून दूध, दुल्सेसाठी आटवायला ठेवलंय, त्यामुळे सारखं उठावं लागणार. एका दमात लिहायला बसलं की दूध तळाला लागलंच म्हणून समज. मधेच अक्षर बदललेलं दिसलं तर जाण, आजी ढवळून आली.

आता बातमी ऐक. बसली आहेस ना? मामा बरा झाला!

बरा म्हणजे अगदी बरा गं. त्या हिवाळ्यात त्याचं जे झालं ते तू पाहिलंसच. तेव्हापासून माणूस घरात असून नसल्यासारखा. विचारलं की "ठीक आहे". वाढलं की "पुरे". तुला आठवतं ना, मी म्हणायचे, याच्यापेक्षा भिंत बरी, निदान पाऊस पडला की ती ओल तरी दाखवते. आणि आता बघायला तू हवीस. दाढी करतो. आंघोळ करून केस विंचरतो. छपराचा तो कोपरा, जिथे आपण दरवर्षी बादली ठेवायचो, तो त्याने एका सकाळी वर चढून नीट केला. कोंबड्यांच्या खुराड्याला नवी जाळी. आणि लाकडं! सरपणाची रास छपराला टेकली आहे. मला म्हणतो, "आई, हे तुला पुढच्या हिवाळ्यालाही पुरेल."

मी म्हटलं, "मला पुरेल? आणि तू काय उन्हात बसणार आहेस?"

तर हसला. दात दिसले गं त्याचे! मला वाटलं, मरियेला एक मेणबत्ती लावावी, आणि लावलीसुद्धा.

गॅसची टाकी कशी बदलायची ते त्याने मला शिकवलं, या वयात! माझ्या हाताने दोनदा करून घेतलं. मी म्हटलं, "तू आहेस ना करायला, मला कशाला?" म्हणाला, "शिकून ठेवावं, म्हातारे." म्हातारे म्हणाला म्हणून मी फडकं मारलं त्याला. असा तमाशा चाललाय इथे. घरात किती दिवसांनी आवाज आहे.

(ढवळून आले. रंग धरलाय.)

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मामाने खोगीर देऊन टाकलं. हो, तेच, तुझ्या आजोबांच्या हातचं, चांदीच्या रिकिबींचं. त्याच्यावरची मेंढीची कातडीसुद्धा. त्याच्या लहानपणच्या दोस्ताला, आपल्या एबेरला दिलं. एबेर लहानपणापासून त्या खोगिरावर जीव टाकून आहे हे तुला माहीतच आहे, पहिलीत असताना त्याने मामाला त्याच्या बदल्यात स्वतःची बहीण देऊ केली होती. त्याला खरंच वाटेना. तीनदा विचारलं, "मिल्तोन, पिऊन बोलत नाहीस ना?" मामा म्हणाला, "घोडी म्हातारी झाली, मी आता मोटरसायकल घेणार." आता सगळेच घेतात. नुसतं फटफट फटफट, मेंढ्याही त्याच्याच मागे धावतात हल्ली.

दुकानात तोताने नाक मुरडलं. तुला तोता माहीत आहे, पावशेर चीज कापताना शेरभर बोलते. म्हणाली, "एतेल्विना, माणूस जिता असताना त्याचं खोगीर घराबाहेर जात नाही."

मी म्हटलं, "ते बापजाद्यांच्या काळचं गं. तुझा नवरा मेला तेव्हा त्याचं खोगीर उचलायला तरी कोणी आलं होतं का?"

अख्खं दुकान हसलं.  मग शनिवारी एबेरने त्या आनंदात कोकरू भाजलं, सगळी वस्ती जेवली, मामाही दोन घास जास्त जेवला, आणि जाताना चिस्पालाही एबेरच्याच अंगणात सोडून आला. म्हणतो, कुत्रीला खोगिराचा वास हवा, खोगीर जिथे तिथे ती. मला जरा चुकल्यासारखं वाटलं, संध्याकाळी ती दारात नसते तेव्हा. पण असो.

तुझ्यासाठीही काहीतरी पाठवलंय त्याने. वॉल्तेरच्या बसमधून हे पत्र येईल त्याच पुडक्यात दुल्सेची बाटली आहे, लोकरीचे मोजे आहेत आणि फडक्यात गुंडाळलेला मामाचा तुंबा आहे. हो, त्याचा येर्बाचा कडू चहा प्यायचा तुंबा! तू लहानपणी त्याला हात लावलास तर डोळे वटारायचा ना? वीस वर्षं मुरवलेला. म्हणाला, "यामिलाला दे. तिला आवडतो." धातूची नळीही घातली आहे, पण तिथल्या बाया ती काढून ठेवतील कदाचित, वाद घालू नकोस.

वाद घालू नकोस म्हणते, आणि खरं तर मला तेच बोलायचंय. कसं बोलू कळत नाही. तू रागावतेस.

हे बघ. एकाच घरातली दोन माणसं, आणि दोघांनीही तेच केलं. तो शब्द मी कागदावर लिहीत नाही, कागद घरात राहतो. त्याने त्या हिवाळ्यात केलं, तू एप्रिलमध्ये. पण फरक बघ. मामाने कोणाला त्रास दिला नाही. ना रडला, ना कोणाला बोल लावला. घरी आला, माझी माफी मागितली, कामाला लागला, आणि हळूहळू बघ कसा सुधारला. आणि तू, पोरी! जेवणाच्या टेबलावर ताट आपटणार, तुझ्या आईला तिकडे स्पेनमध्ये फोन करून तिची झोप उडवणार, मग तासाभराने मला मिठी मारून म्हणणार, "आजी, मी आता ठीक आहे, चल पत्ते खेळू." माझा जीव वरखाली वरखाली. लोक काय म्हणतात तुला माहीत आहे. भातगिरणीचा भोंगा चुकेल पण यामिलाचा चुकणार नाही. मी भांडते त्यांच्याशी. पण मनात येतं, थोडी मामासारखी हो. थोडं गिळायला शीक.

महिनाअखेरीस सोडणार म्हणतात तुला. तुझ्या पलंगावर मी कालच नवी चादर घातली. दोघंही माझ्या डोळ्यांसमोर, दोघंही बरी. म्हातारीला आणखी काय हवं?

अगं बाई, करपल्याचा वास! गेले गं मी.

वरचं वरचं बाटलीत भरलंय. ते चांगलं आहे.

आनंदात असलेली,
तुझी आजी एतेल्विना


कान्यादा ब्रावा
२३ जुलै, शनिवार

यामिला, माझ्या बाळा,

आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे हे मी या वेळी खरंच विचारते आहे, नुसतं लिहायचं म्हणून नाही. नर्स इवोनने दुकानात फोन केला होता. तुला त्या दिवशी चौघींनी धरून सुई दिली, तू दोन दिवस झोपून होतीस, आणि महिनाअखेरीस सोडायचं होतं ते आता पुढे ढकललंय. का, तर तू नर्सच्या टेबलावरचा फोन हिसकावून आरडाओरडा केलास. मी तिला म्हटलं, "बाई, तिच्या आरडाओरड्यामुळे माझा मुलगा जिता आहे, हे तुमच्या डॉक्टरांना लिहून दाखवा." ती म्हणाली, दाखवते. बरी वाटली.

मामा जिता आहे. हे आधीच लिहिते, बाकीचं मागून. गावातल्या मोठ्या दवाखान्यात आहे. परवापासून पाणी गिळतो. घसा धरलाय, बोलत नाही. बोलता येत असतं तरी बोलला असता असं नाही.

तुला सगळं कळायला हवं. तुझी आई म्हणाली, "आई, तिला काही लिहू नकोस, ती सहन करणार नाही." मी म्हटलं, ग्रासिएला, तिनेच तर आम्हाला सांगितलं, आणि आता आपण तिच्यापासून लपवायचं? पण फोन ठेवल्यावर मी दोनदा कागद काढला आणि दोनदा परत ठेवला. अजूनही लिहावं की नाही ते ठरत नाही. लिहिते.

बुधवार होता. आभाळ भरून आलेलं. मामा म्हणाला, "आई, पाऊस येतोय, तळलेल्या पोळ्या कर ना. पीठ संपलंय, तोताकडून आण." आपल्याकडे पावसात पोळ्या तळल्या नाहीत तर पाऊस रागावतो, हे तोच लहानपणी म्हणायचा. मला इतका आनंद झाला! किती वर्षांनी त्याने तोंडाने काही मागितलं. मी शाल घेतली आणि निघाले. त्याने मला दारापर्यंत पोचवलं आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला. म्हणाला, "सावकाश ये, चिखल आहे." मी वाटेने गाणं म्हणत गेले, यामिला. या तोंडाने.

दुकानात शेगडीभोवती सगळे जमलेले. एबेर पत्ते खेळत होता. त्याचा घोडा बाहेर पावसात बांधलेला. तेवढ्यात फोन वाजला. तोताने घेतला, आणि लगेच कानापासून लांब धरला. तुझा आवाज शेगडीपर्यंत ऐकू येत होता. "मामाला बघा! कोणीतरी मामाला बघा! लगेच जा!"

तोता म्हणाली, "घ्या, वाजला भोंगा."

हसले सगळे. सगळे, यामिला. मी हसले नाही, पण लाजले. लाजणं जास्त वाईट की हसणं, मला ठरवता येत नाही. मी फोन घेतला आणि तुला दटावलं. "पोरी, मामा ठणठणीत आहे, आत्ता मी त्याला पोळ्या करून घालणार आहे, तू का उगाच सगळ्यांचा जीव खालीवर करतेस?" हे शब्द तुझ्या कानात असतील. माझ्याही आहेत.

मग तू जे बोललीस ते मी अक्षर न् अक्षर सांगू शकते. आधी तू ओरडत होतीस, "आजी, तुंबा! तुंबा कोण देतं गं!" आणि मग तुझा आवाज एकदम खाली आला. तू म्हणालीस, "आजी, मी कधी माझी एक वस्तूसुद्धा कोणाला दिली नव्हती. माझं काही ठरलेलं नव्हतंच. मी उसळते आणि पडते. मामा तसा नाही. मामा आधी घर आवरतो."

तेवढ्यात तिकडे झटापट झाली आणि फोन बंद पडला.

मी फोन हातात धरून उभी. तोता म्हणाली, "एतेल्विना, पीठ किती देऊ?" आणि एबेर खिडकीबाहेर बघत होता. बाहेर त्याचा घोडा, घोड्यावर मामाचं खोगीर, आणि चांदीच्या रिकिबींवरून पाणी गळतंय. मी त्याच्याकडे बघते, तो खोगिराकडे बघतोय. हातात इतकी चांगली पानं होती, त्याने ती पालथी ठेवली.  उठला, टोपीही घेतली नाही. आम्हाला फक्त टापा ऐकू आल्या.

कुठे सापडला, कसा सापडला, ते मी लिहिणार नाही. तुलाही विचारू देणार नाही, आणि एबेरला विचारू नकोस, तो अजून रात्रीचा उठून बसतो असं त्याची बायको सांगते. वेळेत पोचला एवढंच. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. मी पोचले तेव्हा एबेर चिखलात बसून त्याला मांडीवर घेऊन शिव्या देत होता. जगातल्या सगळ्या शिव्या. "हरामखोरा, मला खोगीर देतोस? मला? मी तुझ्या बापाचा काय गुन्हा केला होता? आयुष्यभर मी त्याच्यावर बसू कसा, सांग ना, गाढवा, बसू कसा?" आणि चिस्पा दोघांभोवती गोल गोल फिरत होती. ती एबेरच्या अंगणातून दोर तोडून आली होती. आमच्या आधी तिला कळलं होतं. तिला आणि तुला.

दवाखान्यातून मी दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आले. पिठाचा डबा उघडला. काठोकाठ भरलेला होता.

यामिला, मी त्यात हात घालून तशीच उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. कोंबड्या आत आल्या तेव्हा भानावर आले.

इथे एक तरुण डॉक्टरीण आहे, मिकाएला नाव, तुझ्याच वयाची असेल, नखं कुरतडलेली. मी तिला विचारलं, "बाई, एकाच रक्ताची दोघं, मग एक अशी आणि एक असा कसा? एकीचं आम्हाला सगळं दिसतं म्हणून आम्ही तिला नावं ठेवली. एकाचं काही दिसत नाही म्हणून त्याच्यावर खूश झालो." ती बरंच बोलली. माणसं एका साच्याची नसतात म्हणाली. कोणी भडकतं, कोणी आतल्या आत मोजत बसतं, कोणाला वाटतं आपण सगळ्यांच्या डोक्यावर ओझं आहोत, आणि तो ओझं हलकं करायला निघतो. मला तिचं निम्मं कळलं. मग मी माझ्या भाषेत सांगितलं तिला. एक दूध उतू जातं. आवाज होतो, विझल्याचा वास येतो, माणसं धावतात, शिव्या घालतात, पण पातेलं उतरवतात. दुसरं तळाला लागतं. वरून बघावं तर इतकं सुंदर, मंद, सोनेरी. वास येतो तेव्हा तळ काळा झालेला असतो. ती म्हणाली, "आजी, हे मला आमच्या कॉलेजात कोणी शिकवलं नाही." मला खूश करायला म्हणाली असेल. पण मग जे म्हणाली ते मला आवडलं नाही. म्हणाली, "पण आजी, उतू जाणाऱ्या दुधानेही पातेलं रिकामं होतं. पोरीला 'ती नुसती ओरडते' म्हणू नका. तिचाही जीव गेला असता."

तेव्हापासून मी हाच विचार करते. एप्रिलमध्ये तू वाचलीस ती का, तर जाता जाता तू मला हाक मारलीस म्हणून. मी आले, पण येताना मनात म्हणत होते, आता काय नवीन नाटक. हे तुला कोणी सांगितलं नसेल. दुसऱ्या कोणाला माहीतच नाही.

मी तुला लिहिलं होतं, मामासारखी हो. ते पत्र जाळ. पोरी, जाळू देत नसतील तर फाड.

तुला सोडतील तेव्हा मी स्वतः न्यायला येईन. तोवर ओरडू नकोस असं तिथल्या बाया म्हणतील, आणि त्यांना त्यांच्या कामाचं कळतं. सुईला मी नाही म्हणत नाही. पण तुझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं नाही तर पुन्हा सांग, हळू सांग, दुसरीला सांग, तिसरीला सांग. गिळू मात्र नकोस.

तुझी,
घरात एकटी असलेली,
आजी


कान्यादा ब्रावा
४ सप्टेंबर, रविवार, सकाळी

यामिला, पोरी,

आशीर्वाद, आणि दोन्ही गालांवर, कारण बातमी चांगली आहे. चांगली म्हणजे, वाच आणि तूच ठरव. मला आता चांगल्या बातम्यांची भीती वाटते. मामा हसला की मी उठून पिठाचा डबा बघून येते. जिवंतपणी मुलाच्या हसण्याला घाबरायची वेळ आली माझ्यावर, बघ.

तो घरी आहे. गोळ्या एबेरच्या घरी असतात, रोज सकाळी एबेर घेऊन येतो आणि समोर बसून गिळायला लावतो. "जीभ वर कर. आता खाली कर. शाबास, वासरा." मामा त्याच्याकडे असं बघतो की मला वाटतं आज मारामारी होणार. गुरुवारी वॉल्तेरची बस त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेते. तिथे त्याच्यासारखे आणखी काही जण गोल करून बसतात म्हणे. मी विचारलं, काय बोलता? म्हणाला, "मी ऐकतो."

खोगीर एबेरने परत आणलं. मामा घेईना. एबेर नेईना. आता ते कुंपणावर पडलंय, त्या म्हाताऱ्या कोंबडीने त्याच्यावर ठाण मांडलंय, आणि तुला खोटं वाटेल, ती पुन्हा अंडी द्यायला लागली आहे. खोगिरावर. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून त्या कोंबडीकडे बघत राहतात.  मोटरसायकलचं नाव कोणी काढत नाही. तोताने मात्र फुकट चीज पाठवलं, ती तुझ्याबद्दल रोज विचारते. परवा कोणीतरी दुकानात तुझं नाव काढून हसलं, तर तिने त्याच्यावर झाडूच उगारला म्हणे.

आता मुद्द्याचं. डॉक्टरीणबाईंनी मला एक काम लावलंय, आणि इतकं अवघड काम मी जन्मात केलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आजी, त्याला सरळ विचारायचं. रोज." मी म्हटलं, "काय विचारायचं?" त्या म्हणाल्या, "मनात मरायचं आलं का, असं विचारायचं." मी म्हटलं, "बाई, वेड लागलंय का तुम्हाला, मी विचारायची आणि त्याच्या डोक्यात भरायचं?" त्या म्हणाल्या, "विचारल्याने भरत नाही, आजी. न विचारल्याने तो तिथे एकटा राहतो."

पहिल्या दिवशी मी भांडी घासत, पाठ करून विचारलं. त्याआधी तेच पातेलं तीनदा घासलं. शेवटी विचारलं, "मिल्तोन, तुझ्या मनात, ते, आलं का?" म्हणाला, "काय ते?" मी म्हटलं, "तुला माहीत आहे." म्हणाला, "नाही, काही नाही, ठीक आहे." तेच ते "ठीक आहे". दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी फडकं खाली ठेवलं, त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, "जीव द्यावासा वाटला का आज?" तो शब्द मी उच्चारला, यामिला. भिंत पडली नाही. तो म्हणाला, "आई, गप्प बस." आणि बाहेर गेला. मी रोज विचारत राहिले. तो रोज बाहेर जात राहिला. एकदा तर दार इतक्या जोरात आपटलं की मरियेची तसबीर खाली आली. तेही मला बरं वाटलं. माझ्या मुलाने दार आपटलं! तुझ्यासारखं!

काल दुपारी आम्ही दोघं चुलीपाशी बसलो होतो. मी दुल्से ढवळत होते. तो येर्बा पीत होता, पत्र्याच्या मगातून, तोंड वाकडं करून. मी विचारलं, नेहमीसारखं.

त्याने एक घोट घेतला. मी ढवळत राहिले. मग मगाकडे बघत म्हणाला, "आलं."

मी म्हटलं, "केव्हा?"

म्हणाला, "सकाळी. लाकडं बघून."

मी म्हटलं, "आणि आता?"

म्हणाला, "आता थोडं कमी." मग म्हणाला, "तू हात थांबवू नकोस, आई. लागेल."

मी पातेलं उतरवलं. म्हटलं, लागू दे. त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याने डोकं माझ्या खांद्यावर नाही टेकवलं, तसला तो नाही. पण उठून गेलाही नाही. नंतर मीच एबेरला हाक मारली, तो आला, तिघं बसलो. संध्याकाळी एबेरने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी गुरुवारची वाट बघायला नको, सोमवारी या म्हटलं. उद्या जातोय.

आणि यामिला, मला कोणी वेडी म्हणेल, पण मला आनंद झाला. पोटच्या पोराने सांगितलं की सकाळी मरावंसं वाटलं, आणि त्याच्या आईला आनंद झाला! पहिल्या पत्रात केवढी नाचले होते मी, तो आनंद खोटा होता. हा खरा आहे. हा इतका जड आहे की पेलवत नाही, पण खरा आहे. तो बरा झालेला नाही. पण त्याने मला सांगितलं.

मी सरपणाची ती रास आज एबेरकडून अर्धी उचलून न्यायला लावली. मला पुढच्या हिवाळ्याची लाकडं नकोत. पुढच्या हिवाळ्यात तो तोडेल, किंवा आपण तिघं थंडीत कुडकुडू.

तुला बुधवारी सोडतात. मी पहाटेच्या बसने येते. मामा म्हणाला, "मीही आलो असतो, पण मला जमणार नाही." हेही त्याने खरं सांगितलं, म्हणून मी आग्रह केला नाही. मी दारात असताना मात्र मागून म्हणाला, "तिला सांग, तुंबा परत आण. मगात येर्बाला पत्र्याची चव येते." दोनदा म्हणाला. विसरू नकोस हं, पोरी, काहीही विसर, ते विसरू नकोस. फडक्यात नीट गुंडाळ.

आणि बुधवारी मी तुला वॉर्डाच्या दारात आधी मुका देणार नाही. आधी विचारणार आहे, त्याला विचारते तेच, त्याच शब्दात. तिथे माणसं असतील, तू लाजू नकोस, मी लाजणार नाही. हो असेल तर हो म्हण. ओरडून म्हणावंसं वाटलं तर ओरडून म्हण.

आता ऐकायला शिकलेली,
तुझी आजी